तळेबागेतली मोजणी

"लाभ... दोन... तीन..."

हा आवाज गणपतरावांच्या कानात लहानपणापासून होता. गावच्या खळ्यात ज्वारीची रास पडली की आजा पायलीनं मोजायला बसायचा, आणि पहिल्या पायलीला कधी 'एक' म्हणायचा नाही. पहिली ती लाभ. एक म्हटलं की धान्य एकटं पडते, त्याच्या मागं कोणी येत नाही, असं तो सांगायचा. पुढे गणपतराव शिकले, नागपुरात महापालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर झाले, खळं सुटलं.

तो आवाज त्यांना पुन्हा भेटला तळेबागेत. तिथल्या बदकांची राखण रुखमाबाईकडे होती. दिवेलागणीला ती तळ्याच्या पायरीवर उभी राहून हाक घाली. बदकं पाण्यातून निघत, अंग झाडत सिमेंटच्या उतारावरून जाळीच्या खोपीत शिरत, आणि ती मोजे. सगळ्यांत पुढे एक म्हातारं पांढरं बदक. त्याला ती म्हणे, "लाभ." मग दोन, तीन, थेट सव्वीस. मगच कडी.

एकोणीसशे बहात्तरच्या मे महिन्यात तळं अर्धं आटलं. उरलेलं पाणी हिरवं, जाड झालं आणि त्याला वास सुटला. आधी दोन बदकांच्या माना लुळ्या पडल्या, मग पाचांच्या. चौथ्या दिवशी सगळीच काठावर ओल्या चिंध्यांसारखी पसरली. बागेमागच्या वस्तीत घरोघरी कोंबड्या होत्या, विहिरी होत्या. लोक घाबरले. साहेबांचा हुकूम निघाला : सगळी उचला, खड्डा करा, चुना टाका, सकाळी पाहणी आहे.

गणपतरावांनी नाकाला दुपट्टा बांधून ते काम एका दुपारात उरकलं. सव्वीस बदकं, चार पोती चुना. रुखमाबाई लांब निंबाखाली बसली होती. खड्डा बुजल्यावर ती उठून आली.

"भाऊ, माती टाकली तवा सारे मेलेच होते ना?"

"हो," गणपतराव म्हणाले, आणि टोपी काढून घाम पुसायला लागले.

ती वळून खोपीकडं चालू लागली.

त्यानंतर तीन आठवडे खोप उघडीच राहिली. तिथं कारंजं व्हायचं होतं, जाळी तोडायची होती, पण खोपीचा ताबा रुखमाबाईकडे, किल्ली तिच्या कमरेला. गणपतराव रोज संध्याकाळी किल्ली मागायला जात, रोज हात हलवत परत येत.

"साहेब, बाई पाण्याले जेवू घालून राहिली," खड्डा खणणारा नत्थूजी हसत म्हणाला. "अन् आमाले कोणी चहाले विचारत नाही."

ते खरं होतं. रुखमाबाई पदरातले दाणे तळ्यात टाकी, हाक घाली, आणि स्वतःशीच गुणगुणे :

*सांज झाली वं माय, पाखरं आली घराले,*
*एक राहिलं मागं, कडी कशी लावू दाराले.*

मग मोजी. पण आता ती 'दोन'पासून सुरू करी.

पहिले काही दिवस गणपतरावांनी तिच्याकडं पाहिलं, उताराकडं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी उताराकडं पाहिलं. दिवसभर तापलेलं सिमेंट, त्यावर पाण्यापासून खोपीपर्यंत ओले ठसे. तीन बोटं, मध्ये पडदा. एक उमटे, तिकडं रुखमाबाई म्हणे "सात", की लगेच कडेकडेनं वाळून जाई. पुढचा उमटे. "आठ."

गणपतराव उकिडवे बसून नळाचा पाइप कुठं फुटला ते शोधत राहिले. पाइप तिथं नव्हताच.

त्यांचं घर इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत. तळेबागेपासून चांगला अर्ध्या तासाचा सायकलचा रस्ता. तिथं बायको, कौशल्या, रोज सकाळी कुरकुर करू लागली.

"दारातल्या फरशीवर पाणी कोण सांडते हो? अन् वाळलं की पांढरं राहते. पुसलं तरी जात नाही. कोण्या पोरीनं अर्धी रांगोळी टाकून सोडल्यावानी."

गणपतरावांनी वाकून पाहिलं. रस्त्याकडून आलेले ठसे उंबऱ्यापाशी थांबले होते. परत गेलेले नव्हते. पांढऱ्या कडेला त्यांनी बोट लावलं. बोट चरचरलं.

चुना.

"शेजारच्यांनी भिंत रंगवली असंल," ते म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी ते साहेबांची चिठ्ठी घेऊनच बागेत गेले.

"रुखमाबाई, किल्ली द्या. उद्या माणसं येतात जाळी तोडायले. तुमी आडव्या आल्या तर कामावरून काढतील. मी काही करू शकणार नाही."

"काढू द्या."

"या वयात कुठं जाल मंग?"

"मी जाईन कुठंबी. पण एक बाहेर असताना कडी लावू कशी? तुमी खळ्यातले माणसं, तुमाले काहून सांगा लागते, भाऊ?"

तिनं हाक घातली. वारा नव्हता, तरी पाणी दुभंगलं.

"दोन... तीन... चार..."

ठसे उमटत होते, वाळत होते. मोजणी सव्वीसवर थांबली. खोपीच्या आत काही दाटीवाटीनं सरकलं आणि शांत झालं. रुखमाबाई कडीला हात लावून उभी राहिली. फाटकाकडच्या वाटेवर तिची नजर. रोजच्यासारखी. म्हातारीच्या त्या नजरेत राग असता तर गणपतरावांना सोपं गेलं असतं.

"मेले नव्हते," ते म्हणाले.

तिनं मान वळवली नाही.

"जनावरांचे डॉक्टर बोलले होते. मान टाकली म्हणजे जीव गेला असं नाही, चांगल्या पाण्याजवळ ठेवा, सकाळपर्यंत वाट पाहा. सकाळी साहेब येणार होते. मी थांबलो नाही."

त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"त्या पांढऱ्यानं चुन्यातून मान उचलली, बाई. माह्याकडं पाहिलं. अन् मी नत्थूजीले म्हटलं, टाक माती."

तळ्यावर काहीच हललं नाही.

"ते माह्या घरी येते. रोज."

रुखमाबाई आता त्यांच्याकडं नव्हे, त्यांच्या टाचांमागं पाहत होती.

गणपतरावांनी वळून पाहिलं नाही. फाटकाकडून, ज्या वाटेनं ते स्वतः आले होते त्या वाटेनं, ओलं पाऊल वाजलं. थप्. थप्. अगदी सावकाश, म्हाताऱ्या पायाचं.

घोट्याला गार थेंब लागला.

मग त्यांच्या चपलेशेजारून एकेक ठसा उतारावर चढत गेला. वाळला, पण गेला नाही. पांढरा राहिला.

खोपीच्या दारात तो थांबला, आणि आत गेला.

रुखमाबाईनं कडी सरकवली. कमरेची किल्ली काढून गणपतरावांच्या हातावर ठेवली, आणि तीन आठवडे तोंडात धरून ठेवलेला शब्द हळूच बोलली.

"लाभ."