खोलीचा आवाज

"हलू नका!"

पहिल्याच भेटीत कुणी मला असा हुकूम सोडला, तर चार शब्द सुनावल्याशिवाय मी राहत नाही. पण हा कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून रिकाम्या स्टुडिओत बसला होता... आणि मी दारात, एक पाय आत, एक बाहेर. राहिले तशीच.

"झालं," डोळे उघडत तो म्हणाला. "खोलीचा आवाज घेत होतो."

"रिकाम्या खोलीला कसला डोंबलाचा आवाज?"

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मुलाखत कापून जोडताना मध्ये तीच भरावी लागते." आणि तो हसला. बाई गं, काय ते हसणं! मी तिथल्या तिथे त्याचं नाव कानसेन ठेवून टाकलं.

मी रेडिओवर निवेदिका, तो नवा रेकॉर्डिस्ट. घरोघरी जाऊन आम्ही बायकांना विचारत होतो, तुमच्या मते बायकांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता? नर्स म्हणाली, रात्रपाळी संपवून निर्धास्त घरी जाता यावं. कपडे शिवणारी म्हणाली, शेजारच्या मशीनवरच्या पुरुषाला मिळते तेवढीच मजुरी मिळावी. परतताना आमचं भांडण ठरलेलं.

"आधी जीव, मग बाकीचं," तो म्हणायचा. "रस्ते सुरक्षित हवेत."

"रस्ता दिसतो तुला. घर दिसतं का? आधी घरावर बाईचं नाव लागू दे."

"लावू की. आपल्या घरावर तुझंच लावू."

"आपल्या?"

तो कानांपर्यंत लाल झाला. पाऊस भुरभुरत होता, छत्री एकच होती, आणि तिच्याखाली आम्ही दोघंही उगाचच जरा जास्त सरळ चालत होतो.

"शेवटची मुलाखत झाली की सांगते," मी म्हणाले.

तो मला आवडत होता, मनापासून आवडत होता. भीती त्याची नव्हती, घराची होती. माझी आई कॉलेजात असताना वादविवादात भल्याभल्यांची बोलती बंद करायची म्हणे. मी मात्र तिच्या तोंडून "हो" आणि "आलेच" एवढंच ऐकत मोठी झाले. बाबा वाईट नाहीत. कानसेनही नाही. म्हणून तर मी उत्तर पुढे ढकलत होते.

एके दुपारी त्यानं मला स्टुडिओत बोलावलं. चेहरा उतरला होता.

"खोलीचा आवाज घेताना तू आत यायचीस का?"

"छे. मी बाहेर चपला घालत असायचे."

त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. नर्सच्या खोलीतली शांतता. पंख्याची घरघर... आणि मग अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतला. बोलायला तोंड उघडण्याआधी घेतात तसा. तिथेच रेकॉर्डिंग संपलं. शिवणारीच्या घरी तसंच. प्रत्येक घरात तसंच.

"पुढे काय?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"पुढे काहीच नाही. कुणी बोलणार असं वाटलं की मी मशीन बंद करतो. शांतता बिघडते ना... मग पुन्हा घेतो." त्यानं माझ्या कानांवरचे हेडफोन काढले. "जी कुणी आहे, तिला दर वेळी मीच थांबवलंय गं."

शेवटची मुलाखत आईची. स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहूनच तिनं उत्तर दिलं, "मला कसला आलाय प्रश्न? सगळं छान आहे." आणि ती भांडी पुसू लागली.

"काकू, आता खोलीचा आवाज घेतो. जरा शांत राहाल?"

आई थांबली. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. कानसेननं हेडफोन घातले नाहीत, आवाज छोट्या स्पीकरवर सोडला. नळाचा थेंब. भिंतीपलीकडे बाबांचं वर्तमानपत्र. मग श्वास आला. त्याचं बोट बटणाकडे गेलं... आणि थांबलं.

"आता... बसू का मी जरा?"

दमलेला, अजिजीचा आवाज. बाईचा. ओठ आमच्यापैकी कुणाचेच हलले नव्हते.

"आई..." कानसेन पुटपुटला. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आईचा आवाज आहे हा."

"नाही, माझा आहे," मी म्हणाले. माझाच होता तो, फक्त म्हातारा झालेला.

"वेडी आहात का?" आई हळूच म्हणाली. "माझा आवाज मला ओळखू येत नाही?"

कानसेनचे डोळे भरून आले. "तिला मी कधी 'बस' म्हटलंच नाही. सुचलंच नाही मला."

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. बाबांची खुर्ची टेबलाखालून ओढली आणि बसली.

"चहा टाकतेस का गं?" बाहेरून बाबांची हाक आली.

"मी बसलेय," आई म्हणाली.

बाबा दारात येऊन उभे राहिले, घर चुकल्यासारखे. डोळे पुसत कानसेन उठला.

"या काका. साखर कुठे असते ते दोघं मिळून शोधू."

दोघांनी मिळून तीन डबे उघडले, तिन्ही चुकीचे. मला हसू आलं, रडूही आलं.

"ए कानसेन," मी म्हणाले. "माझं उत्तर हो आहे."

त्याच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं. बाबांना काही कळलं नाही. आईला सगळं कळलं. ती हसली आणि तिनं शेजारची रिकामी खुर्ची ओढून दिली.

"तूही बस गं," ती मायेनं म्हणाली. "किती वेळची उभी आहेस."

मी तर केव्हाची बसलेलीच होते.