यादीतला दुसरा

"हा पिवळेपणा कोणी केलाय? फारच भडक झालाय!"

मी कापसाचा बोळा बुडवला आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचा गाल घासायलाही लागले. चॅनेलच्या मेकअप रूममधल्या त्या खुर्चीत जो बसतो, तो माझ्या ताब्यात असतो. तो कोण, कुठला, हे मी विचारत बसत नाही. पण रंग काही निघेना. मी दुसरा बोळा घेतला, जरा जोर लावला…

"घासा, घासा," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "तीन वर्षं मीही प्रयत्न करतोय."

माझा हात हवेतच राहिला. त्याने शांतपणे शर्टाची डावी बाही वर सरकवली. दंडावरची शीर दोरीसारखी फुगलेली होती आणि तिच्यावर सुयांचे बारीक बारीक डाग होते.

"दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुमच्या साहेबांनी बोलावलंय, आजारी माणूस कसा दिसतो ते दाखवायला. म्हणजे… नमुना म्हणून."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. "मला वाटलं, तुम्ही नट आहात."

"छे हो. नट असतो तर घरी जाऊन तोंड धुतलं असतं, की झालो बरा!"

आणि तो हसला. डोळ्यांखाली सूज होती, ओठ सुकलेले होते, पण ते हसणं मात्र ठणठणीत होतं.

साहेब आले, दार लावून घेतलं आणि बेत सांगितला. आमच्या सकाळच्या कार्यक्रमाच्या निवेदिकेला सगळं जग ताई म्हणतं. बारा वर्षं त्या घराघरात चहाच्या कपाबरोबर असतात. तर सोमवारी ताई कॅमेऱ्यासमोर सांगणार की त्यांच्या किडन्या निकामी झाल्यात. दहा दिवस त्या रोज थोड्या थोड्या खंगत जाणार. आणि दहाव्या दिवशी सांगणार की हे खोटं होतं, मी धडधाकट आहे… पण अवयवाची वाट बघत खरोखर खंगणारे हजारो आहेत, त्यांच्यासाठी अवयवदानाचा अर्ज भरा. बेत माहीत असलेले आम्ही चौघंच. ताई, साहेब, मी आणि तो.

"ही फसवणूक आहे," साहेब गेल्यावर मी म्हटलं.

"आहे ना," तो म्हणाला. "माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोस्टमनकाका असायचे. चार वर्षं यादीत नाव. फोन कायम उशाशी. मागच्या महिन्यात गेले. रडलं कोण? त्यांची बायको, मुलगी आणि मी. ताईंसाठी गाव रडेल… रडू दे. मग सांगू, की हे रडणं खरं तर कोणाचं होतं."



चार संध्याकाळी तो माझ्यासमोर बसला आणि मी त्याचा चेहरा शिकले. नुसता पिवळा नाही, त्यात राखाडीची एक छटा. ओठांच्या कडा पांढुरक्या. मी ताईंच्या रंगांच्या डब्या त्याच्या गालाशी धरायची, मिसळायची, पुन्हा धरायची.

"इतकं टक लावून बघू नका हो. लाजल्यासारखं होतं."

"कामच आहे माझं."

"मघाशीच तर म्हणालात, झालं काम."

"…खात्री करून घेतेय."

"घ्या, घ्या. मला काही घाई नाही."

तो पोहायला शिकवायचा. पाय कसे मारायचे ते काठावर पालथा पडून दाखवायचा, म्हणून पोरं त्याला बेडूकसर म्हणायची. हे कळल्यावर मी इतकी हसले की हातातला ब्रश खाली पडला. मग त्यानेही सूड उगवला… माझं नाव रंगारीण ठेवलं.

एका संध्याकाळी मी त्याच्या पोहण्याच्या तलावावर गेले. शिकवणी संपली होती, पाण्यावर शेवटचं ऊन डुलत होतं. बोलता बोलता त्याने खिशातून औषधाच्या बाटलीएवढी पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"एवढंच?"

"दिवसाला मोजून. जास्त झालं तर अंगात साठतं, बाहेर पडायला वाट नाही."

"दिवसभर पाण्याच्या काठावर, आणि प्यायला…"

"सवय झालीये." त्याने बाटली खिशात टाकली. "नाही, खोटं बोललो. तहानेची सवय नाही होत."

त्याने हात पुढे केला. "गंमत दाखवू? इथे बोट ठेवा."

मी त्या फुगलेल्या शिरेवर बोट ठेवलं. आत काहीतरी गुणगुणत होतं.

"अगंबाई! मधमाशी आहे का आत?"

"डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या जोडल्यात. ती गुणगुण थांबली तर मला पळत हॉस्पिटल गाठायचं. म्हणून रोज हात ठेवून बघावं लागतं, चालू आहे ना ते."

"चालू आहे," मी म्हटलं. बोट काढायला हवं होतं. मी काढलं नाही… आणि त्यानेही हात मागे घेतला नाही.

सोमवारी ताईंनी सांगितलं आणि जणू घराघरात सुतक आलं. माझ्या आईने तर चहाच सोडला. मी रोज पहाटे ताईंच्या गालावर त्याचा रंग चढवायची आणि घरी येऊन आईचे सुजलेले डोळे बघायची. सहाव्या दिवशी आई माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यांना सांग, माझी एक घ्या म्हणावं. मला काय करायच्यात दोन-दोन? रक्ताचा गट विचारून ये उद्या."

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. "आई, अशी वाट बघणारे खूप आहेत गं," एवढंच म्हटलं.

"असतील. पण ताई आपल्या आहेत ना!"

दहाव्या दिवशी ताईंनी चालू कार्यक्रमात ओला रुमाल घेऊन चेहरा पुसला. खालून त्यांचा टवटवीत गाल निघाला. शेजारी तो बसला होता, आणि मागच्या पडद्यावर डायलिसिसच्या मशीनला जोडलेला त्याचा हात, नळ्यांतून फिरणारं रक्त. "मी बरी आहे," ताई म्हणाल्या, "हे नाहीत. माझ्यासाठी जेवढे रडलात, त्यातलं थोडं यांच्यासाठी ठेवा."

फोन वाजायला लागले ते थांबेचनात. निम्मे लोक शिव्या देत होते, निम्मे अर्ज कुठे मिळतो ते विचारत होते आणि काहीजण आधी शिव्या देऊन मग अर्ज मागत होते. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या सकाळी माझ्या ताटलीशेजारी एक कागद येऊन पडला. मेल्यानंतर अवयव द्यायचा अर्ज, तिच्या वळणदार अक्षरात भरलेला.

"सही कर. घरचं माणूस साक्षीदार लागतं. तुझ्यावरचा राग वेगळा, हा अर्ज वेगळा. राग अजून आहे."

मी सही केली आणि हे त्याला सांगायला फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शेवटी तलावावर गेले. तो काठावर एकटा बसला होता. एरवी त्या वेळी तिथे पोरांचा नुसता गोंधळ असायचा.

"आज शिकवणी नाही?"

"आहे. पण पोरंच येत नाहीत." तो हसायचा प्रयत्न करत होता. "काल एक आई मुलीला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, 'सर, छान नाटक केलंत हो.' लोकांना वाटतं, ताई खोट्या होत्या तर मीही खोटाच. त्या नळ्यांत लाल रंग भरला असेल, म्हणे."

"मी सांगते त्यांना. साहेबांना सांगून पुन्हा कार्यक्रम…"

"नको." तो उठला. "ते विसरतील, मला माहितेय. मी फोन उचलला नाही, ते वेगळ्याच कारणासाठी." "तुम्ही मागे विचारलंत ना, पुढच्या वर्षी समुद्र बघायला जायचं का? मला हो म्हणायचं होतं. इतकं हो म्हणायचं होतं की मी घाबरलो. मला पुढचा आठवडाही नक्की सांगता येत नाही. वाट बघणं माझ्या नशिबात आहे, तुम्ही कशाला त्या रांगेत उभ्या राहता?"

"मला विचारलंत का एकदा तरी?"

मी पाठ फिरवली. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

अठरा दिवस गेले. मोजायचे नाहीत असं ठरवूनही मोजले. ताईंच्या गालावर गुलाबी रंग लावताना बोटं उगाच पिवळ्या डबीकडे जायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार… सकाळी सात ते अकरा मला कशातच लक्ष लागायचं नाही, कारण त्या वेळी त्याचा हात त्या मशीनला जोडलेला असायचा. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. वाजला नाही तरी व्हायचं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी ताईंचे केस बांधत असताना तो वाजला.

"हॉस्पिटलमधून फोन आलाय," त्याचा आवाज कापत होता. "एक किडनी मिळतेय. मी दुसरा आहे. म्हणजे… दोघांना बोलावतात. पहिल्याचं रक्त जुळलं नाही, तर मला. बहीण परगावी आहे, तिला कळवलं. आणि मग… हात तुमच्याच नंबरावर गेला."

आरशात ताई सगळं ऐकत होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "दहा दिवस तू मला आजारी केलंस, आज मी माझी माझी सुंदर होते. पळ!"

हॉस्पिटलच्या लांबट खोलीत समोरासमोर दोन बाकं होती. एका बाकावर आम्ही. समोर एक बाई, शाळेत शिकवतात असं बोलण्यातून कळलं, त्यांच्याही चेहऱ्यावर तोच रंग… मी तो कुठेही ओळखला असता. शेजारी त्यांचे यजमान, त्यांचा हात हातात घेऊन. यादीत त्या पहिल्या होत्या. दोघांचंही रक्त तपासायला गेलं होतं आणि दोघंही उपाशीपोटी होते. मीही काही खाल्लं नव्हतं. कुणाची किडनी, कुठून आली, हे कुणी सांगत नव्हतं, आणि विचारायचं नसतं.

"कुणाच्या तरी घरी आज काय चाललं असेल…" तो हळूच म्हणाला. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

शाळेच्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे मिस्टर का तुमचे?"

"हो," मी म्हटलं. पटकन, अगदी विचार न करता. शेजारी तो श्वास घ्यायचाच थांबला.

घड्याळ पुढे सरकत नव्हतं. मी मनात म्हणत होते, त्यांचं न जुळो. मग समोर बघायची, त्यांचे यजमान त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करत असायचे… आणि मला स्वतःचीच लाज वाटायची. पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणायची.

चार वाजता हॉस्पिटलच्या, प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या समन्वयक बाई आल्या. त्या आधी समोरच्या बाकाकडे वळल्या. तेव्हाच कळलं.

शाळेच्या बाई उठल्या, पण आमच्याकडे बघून तिथेच थबकल्या. त्यांचे ओठ थरथरत होते. तोच पुढे झाला. "बाई, जा. थांबू नका. शाळेत पोरं वाट बघतायत तुमची."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडतच आत गेल्या.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. पाऊस भुरभुरत होता. तो तिसऱ्या पायरीवर मटकन बसला.

"मला वाटायचं, माझं मन मोठं आहे. पण नाही हो. मला हवी होती ती. खूप हवी होती…"

"मी तर दिवसभर म्हणत होते, त्यांचं न जुळो."

त्याने चमकून बघितलं, आणि मग आम्ही दोघंही रडता रडता हसलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

"मघाशी तुम्ही हो म्हणालात," तो म्हणाला. "त्या बाईंना."

"म्हणाले."

"पुन्हा फोन कधी येईल सांगता येत नाही. कदाचित येणारही नाही."

"माहितेय."

"तरी?"

"तरी. तू नको म्हणालास, तरी हे अठरा दिवस मी वाटच बघत होते. एकटीने. त्यापेक्षा दोघांनी मिळून बघू… निदान बोलायला कुणीतरी असेल."

"काय म्हणालीस?"

"कुठलं?"

"ते… पहिलं. तू."

"तू," मी म्हटलं. "तू, तू, तू. आवडतोस तू मला. झालं समाधान?"

त्याने माझा हात घेतला आणि आपल्या गालाशी धरून ठेवला, डोळे मिटून.

वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांमध्ये दिवे लागले. कोणती खिडकी त्या बाईंची, आम्हाला माहीत नव्हतं. तरी दोघंही पावसात मान वर करून बघत राहिलो.

"नीट होऊ दे त्यांचं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

मग आम्ही उठलो आणि काहीतरी खायला निघालो.