टायरच्या आतली पट्टी

हेमांगी पहिल्यांदा दुकानात आली ती सायकल खांद्यावर घेऊन. हितेंद्रला तिथेच काहीतरी झालं. त्याच्या धुळ्यातल्या दुकानात मुली सायकल ढकलत आणत, आणि तेही सोबत भाऊ घेऊन.

"हे टायर काढा," ती म्हणाली. "ट्रॅक्टरचे वाटतात."

"मजबूत आहेत."

"मला मजबूत नकोत. हलके हवेत. वाट कडक आहे."

साक्रीकडच्या टेकड्यांत जानेवारीत माउंटन बाइकची शर्यत होती. दिवाळीनंतर तिकडची मुरमाची वाट तुडवून तुडवून ओट्यासारखी घट्ट होते. तिथे चिखलाचे उंच दाण्यांचे टायर म्हणजे उन्हाळ्यातल्या लग्नाला रेनकोट घालून जाणं. मधले दाणे बुटके आणि एकमेकांना लागून हवेत, वळणावर पकड राहावी म्हणून कडेचे जरा उंच, बाजू पातळ, आणि टायर असा की रुमालासारखी घडी व्हावी. हे सगळं तिने त्याला समजावून सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं... पण तिच्या तोंडून ऐकायला हरकत नव्हती.

टायर पुण्याहून मागवले. यायला वेळ लागला. वेळ लागावा याची तजवीज हितेंद्रनेच केली होती.

हेमांगी चोपड्याच्या केळीवाल्या नानांची मुलगी, धुळ्यात शाळेत खेळाची शिक्षिका. सायकलही शाळेचीच. शाळा सुटली की ती टायरची चौकशी करायला येई. चहा येई. 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा दोघांनी एकाच वेळी चाक फिरवायला हात घातला, बोटं बोटांना लागली, आणि मग दोघंही बराच वेळ चाक सरळ फिरतंय का ते पाहत राहिले. चाक सरळच होतं.

टायर आले त्या संध्याकाळी तिने सांगितलं, नानांशी करार झालाय. पहिल्या तिघींत आली तर पुण्याच्या संघात जायचं, राहायचंही तिकडेच. नाही आली तर नरडाण्याच्या कंपनीतल्या मुलाशी लग्न. तो पाहूनही गेला होता.

"पुण्याला येशील ना भेटायला?" तिने विचारलं.

"पुण्यात सायकलची दुकानं पुष्कळ आहेत."

"मी दुकानाचं विचारलं नाही..."

हितेंद्रने पंप उचलला आणि ज्यात हवा पुरेशी होती त्या चाकात आणखी भरली.

आता खान्देशात बाभळी पुष्कळ. इथला सायकलवाला नवा टायर चढवताना आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालतोच. काटा टोचला तर पट्टीत अडकतो. कुणी मागत नाही, कुणी सांगतही नाही. हेमांगीने मात्र बजावलं होतं: पट्टी नको, वजन वाढतं. हितेंद्रने मान हलवली. ती गेल्यावर दोन्ही चाकांत पट्टी घातली. काळजीपोटी, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि फार चौकशी न करता मानलंही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संयोजकांनी अख्खी वाट झाडून काढली. कुणालाच काटा लागला नाही. शेवटच्या चढावर एक मुलगी हेमांगीच्या पुढे सटकली, सायकलभर अंतराने. हेमांगी चौथी आली.

सायकल शाळेला परत द्यायची होती, टायर तिचे स्वतःचे. म्हणून ते तिने काढले. दुसऱ्या दिवशी हितेंद्रच्या काउंटरवर दोन काळ्या पट्ट्या आल्या.

"काटे असतात गं तिकडे," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"काट्यांची भीती होती, की पुण्याची?"

तो पट्टीवरची पावडर बोटाने पुसत राहिला. मग जे त्याने इतके दिवस सांगायला हवं होतं ते सांगितलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नानांचंही आहे. तेही मला विचारत नाहीत."

रविवारी हितेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून चोपड्याला गेला. नानांना तो फार आवडला. पुणे लांब, रस्ते वाईट, मुलीने उगाच धोका का पत्करावा, या सगळ्या मुद्द्यांवर दोघांचं एकमत झालं. "हाऊ पोऱ्या ते आपला घरनाच शे," नाना आतल्या दाराकडे पाहून म्हणाले. नरडाण्याला नाही म्हणून कळवायचीही त्यांची तयारी होती. फक्त पोरीला एकदा विचारू, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

हेमांगी चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"नरडाण्याचं ठरलंय ते राहू द्या, नाना. त्यांनी सायकल सोड म्हटलंय. पण तोंडावर म्हटलंय."

तिने कपबशी हितेंद्रसमोर धरली.

"घ्या, हितेंद्रभाऊ. आधीच सांगते, गरम आहे."