क्-ने, क्-ने म्हणणारा पाहुणा

"क्-ने... क्-ने... निख्त!"

रेडिओच्या स्पीकरमधून हा आवाज आला आणि माझ्या नातवाच्या, वेदांगच्या हातातला लाडू निसटला. चंद्रावर लाडू सावकाश पडतो, म्हणून मी तो वाटेतच झेलला.

तेव्हा आम्ही चंद्राच्या दक्षिण टोकाला राहायचो, एका काळ्याकुट्ट खड्ड्याच्या काठावर. तिथे ऊन कधीच पोचत नाही, म्हणून बर्फ टिकतो. त्या दिवशी वेदांगची ताई शरयू बर्फ आणायला खाली गेली आणि तिचा रेडिओच बंद पडला. तिच्या टाकीतली हवा संपत आलेली. बाकीची माणसं लांब, खाणीवर.

पडद्यावर आमची हवाकोंडी (बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामधली खोली) दिसत होती. तिच्यात काहीतरी शिरलं. बैलगाडीएवढं, आठ पायांचं. पाठीवर भली मोठी बंद पेटी.

"आजी, ते ताईला खाऊन आलंय!"

"खाऊन आलं असतं तर आडवं पडलं असतं, तुझ्या आजोबांसारखं. गप बस."

"क्-ने! क्-नीफ!" ते पुन्हा ओरडलं.

"मंत्र म्हणतंय का गं?"

मी कान लावला. जुन्या भाषांचे उच्चार शोधण्यात माझं आयुष्य गेलंय. "मंत्र नाही रे, इंग्रजी आहे. सहाशे वर्षांपूर्वीचं! गुडघ्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"नी."

"आणि लिहितात कसं?"

"के, एन, ई, ई. के गप्प असतो."

"आता गप्प असतो. तेव्हा बोलायचा. लोक चक्क 'क्ने' म्हणायचे. नाइट म्हणजे रात्र, तिच्यातले जी आणि एचही घशातून खाकरल्यासारखे यायचे, निख्त! मग तिकडे छापखाना आला आणि अक्षरं बरीचशी आहेत तशी कागदावर बसली. जीभ कुठली बसते? अवघड आवाज तिने हळूहळू टाकून दिले. अक्षरं मात्र मागेच राहिली, अनुच्चारित (लिहायची, पण बोलायची नाहीत अशी)."

"आपल्याकडे पण?"

"माझी आजी 'नांव' लिहिताना डोक्यावर टिंब द्यायची. पूर्वी तिथे आवाज नाकातून यायचा. नाक थांबलं तरी टिंब राहिलं. शेवटी आपण नियम करून ते काढलं."

"मग क्-नीफ म्हणजे..." वेदांग पांढराफटक पडला. "नाईफ? सुरी?"

गुडघा, रात्र, सुरी. अर्थ लागला आणि माझ्याच अंगावर काटा आला. शब्द कळले, पण त्याच्या पोटात काय आहे ते कसं कळणार? आतल्या दाराचा दांडा माझ्या हातात होता. ते वाईट असेल तर आम्ही दोघं संपलो. आणि दार नाही उघडलं तर? शरयूचं काय?

हवाकोंडीत हवा भरली. ते खाली वाकलं. एक पाय उचलला आणि त्यातला लोखंडी जोडा काढला. मग दुसरा. आठही जोडे भिंतीशी ओळीने नीट लावून ठेवले.

"आजी, उघड!" वेदांग किंचाळला. "ताई जिवंत आहे! 'पायातलं काढ, नाहीतर आजी ओरडेल' हे तिच्याशिवाय कोण सांगणार?"

मी दांडा खेचला.

पेटीत शरयू होती, जिवंत. जोडे काढायचं तिनेच त्याला खुणांनी सांगितलं होतं. पेटीतली हवा त्यानेच पुरवली होती. 'रात्र' म्हणजे तो काळाकुट्ट खड्डा; तिथे बर्फ ओढायचा दोर तिच्या गुडघ्याभोवती आवळून गोठला होता, म्हणून त्याला सुरी हवी होती. मी विळी आणली. दोर कापताना शरयू कळवळली आणि पाहुणा तिच्यापेक्षा मोठ्याने रडला.

"माझ्या आज्या तुमच्या पृथ्वीवर उतरल्या होत्या," नंतर त्याने त्याच्या जुनाट इंग्रजीत सांगितलं. "जे ऐकलं तेच आम्ही जपलं. तुम्ही का बदललात?"

"बदलली नाही ती भाषा एकतर मेली, नाहीतर तुमच्यासारखी कपाटात राहिली," मी म्हटलं.

"आजी, मग आत्ता आपण बोलतो ते पुढे कुणाला कळेल?" वेदांगने विचारलं.

"म्हणून तर नुसतं लिहून ठेवायचं नाही. आवाजही ठेवायचा."

पाहुण्याने निघताना एक आवाजपेटी पुढे केली. मी म्हटलं, मुलांनो, काहीतरी छान बोला. या दोघांनी काय करावं? त्या पेटीसमोर अर्धा तास लाडवावरून भांडले. आता तिकडे कुठल्याशा ग्रहावर आठ पायांची चिल्लीपिल्ली अस्सल मराठीत ओरडत असतील, "ए, मोठा तुकडा माझा!"