एकतीस उंबरे

चिमाबाईंच्या घराचा उंबरा डावीकडे झिजलेला आहे. झीज अकरा मिलिमीटर. पायांनी झिजलेला उंबरा मध्यावर खोल होतो; हा कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून झिजवला होता.

चिमाबाई शेतावर गेल्या असताना मी आत जाऊन मापांसाठी घराचं स्कॅनिंग केलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या.

तळेघरच्या वरच्या अंगाला ही एकतीस घरांची वाडी. मागच्या डोंगराला गेल्या वर्षी हातभर भेग पडली. या मार्चमध्ये ती दोन हात झाली. पावसाआधी वाडी खालच्या पठारावर हलवायची होती. तीस घरांनी सह्या दिल्या. चिमाबाई वर्षभर हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात, आणि एक घर मागं ठेवून वाडी हलणार नव्हती. म्हणून लोकांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं, झऱ्यावरची पाण्याची पाळी तोडली. शेवटचा उपाय म्हणून सरपंच गेणभाऊंनी नव्या वाडीची कॉम्प्युटरवर फिल्म करायला मला बोलावलं.

"घरं आमच्यासारखीच दिसू द्या, म्याडम. खोक्यात म्हातारी पाय ठेवायची न्हाई."

जुन्नरच्या खोलीत बसून मी क्लाउडवर भाड्याचं मशीन घेतलं. त्याच्या ग्राफिक्स कार्डची मेमरी चोवीस जीबी. पठार, बांध, झाडं, एकतीस घरं त्यात मावेनात. रेंडर, म्हणजे चित्रं तयार होण्याचं काम, मध्येच बंद पडलं. मग नेहमीचा उपाय केला. चिमाबाईंचं एकच घर मेमरीत ठेवलं आणि तेच एकतीस जागी दाखवलं. अशा नकलांना जवळपास जागा लागत नाही, आणि त्या मुळापेक्षा वेगळ्या असूच शकत नाहीत. वापर एकोणीस जीबीवर आला.

दुसऱ्या सकाळी तो तेवीस होता. मी काहीच वाढवलं नव्हतं. आंब्याची झाडं काढली. आकडा उतरला, आणि चहा होईपर्यंत पुन्हा तेवीस. बांध काढले. पुन्हा तेवीस. मी रिकामी केलेली जागा कुणीतरी भरत होतं.

चित्र मोठं करून पाहिलं. पहिल्या घराच्या उंबऱ्यावर, डावीकडे, एक बाई पाठमोरी बसली होती. दुसऱ्या घरातही होती, पण मान किंचित वळलेली. तिसऱ्यात आणखी थोडी.

एकतिसाव्या दारातून ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मी सगळी दारं बंद केली, उंबरे सपाट केले. तयार फिल्म दोनदा तपासली. कुणी नव्हतं.

ग्रामसभा दुपारी देवळात भरली. भिंतीवर चादर लावली होती. चिमाबाई पुढंच बसल्या होत्या. त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी होती.

"माझ्या घराचं माप तूच घेतलंस न्हवं?"

"हो. तुम्ही घरी नव्हतात, म्हणून..."

"उंबऱ्यावरच बसले व्हते की. मला वलांडून आत गेलीस."

दार रिकामं होतं. मला नक्की आठवतं.

फिल्म सुरू झाली. पठार, रस्ता, पहिलं घर. दार उघडं होतं.

दुसरंही.

"आरं, दर दारात म्हातारीच हाय राव," मागच्या रांगेतला वाडीतला बहिरू हसला.



"बंद करा ते," गेणभाऊ म्हणाले. मी प्रोजेक्टरचा प्लग काढला. चादरीवरचं चित्र गेलं नाही.

उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला ओलांडून या भागात कुणी घरात शिरत नाही.

चिमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चादरीवरची एकही उठली नाही.

"वरीसभर इचारताय," त्या म्हणाल्या. "तर ऐका. मी जाते नव्या वाडीत. एकतीसच्या एकतीस घरांत. तुमी ऱ्हावा हितंच."