एकीच्या फीमध्ये दोघी

“ताई, टेकडीवरच्या कॉलेजला मी नाही म्हणून कळवलं!”

ताईची कात्री कापडातच थबकली. धाकटी समोर उभी होती आणि वर हसतही होती! शंभर जणांनी अर्ज केला तर जेमतेम सात जणांना आत घेणारं ते कॉलेज... आई गेल्यावर स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडून, या पोरीला वाढवत, बाबांच्या शिवणाच्या दुकानात ताईनं उमेदीची सगळी वर्षं घातली ती याच दिवसासाठी! पोटाला चिमटा काढून तिनं फीसुद्धा जमवली होती. आणि या कार्टीनं निवडलं कुठलं, तर नदीकाठचं, निम्म्या फीचं, येईल त्याला घेणारं!

“माझ्यावर उपकार करायला निघालीस?” ताई कळवळून म्हणाली. “सगळ्याचं मातेरं केलंस गं...”

“आधी ऐकून तर घे! मी दोन्हीकडे वर्गात बसून आले. नदीकाठचे शिक्षक इतकं जीव तोडून शिकवतात, की मला तेच आवडलं. अगदी मनापासून! शिवाय...” धाकटीनं तिच्या हातातली कात्री अलगद काढून घेतली. “टेकडीवर पंचविशीच्या पुढे कुणाला घेत नाहीत. नदीकाठी वयाची अटच नाही. फी निम्मी, म्हणजे एकीच्या पैशांत दोघी! एकाच कापडात दोन झगे बसवणारी तू, आणि एवढं तुला सुचलं नाही?”

“दोघी? वेड लागलंय का तुला? या वयात मी बाकावर बसू? आणि दुकान?”

कोपऱ्यात काजं करत बसलेले बाबा उठून जवळ आले. इतकी वर्षं ओठांपर्यंत येऊन परत फिरणारे शब्द आज एकदाचे बाहेर पडले.

“पोरी, तुला कॉलेज मी सोडायला लावलं. माझं चुकलं गं... दुकान मी बघतो. तू जा.”

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आपलं शिकायचं स्वप्न कुणाला दिसतच नाही, असं ती समजून चालली होती. आणि या दोघांनी ते केव्हाच ओळखलं होतं! काय करावं ते न सुचून तिनं हाताला लागलं त्या कापडानं डोळे पुसले.

“अगं, गिऱ्हाईकाचं आहे ते!” बाबा ओरडले, आणि तिघंही खो खो हसत सुटली.

हसू ओसरल्यावर ताईनं नाक ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि एखाद्या लहान मुलीसारखं हळूच विचारलं,

“पहिला तास किती वाजता असतो गं?”