चौथा बोल्ट

अक्षय, तो मोबाइल उलटा ठेव. ऋतिका, तू भिंतीला टेकून बस, पाठीमागे अंधार असला की तुला सारखं वळून बघायची सवय. आणि मध्येच ‘खरंच का हो आबाजी’ असं कोणी विचारायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो धनेश भिसेगावातच राहतो. अर्धं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, अर्धं मोहियुद्दीन मिस्त्रींच्या. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

तारीख होती तेरा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. बुधवार, कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. आणि धनेश कपाट आणायला खोपोलीच्या शिळफाट्याला गेला होता. काम एवढंच.

त्याच्याकडे कॅरॅव्हॅन होती. म्हणजे जुनी सतरा सीटची गाडी घेतली, सीटा काढून टाकल्या आणि आत पलंग, ओटा, बाकडं, कपाट असं चाकांवरचं बिऱ्हाड थाटलं. मुंबईचे लोक शनिवार-रविवार ती भाड्याने घ्यायचे, नदीकाठी उभी करायचे आणि घरी करतात तेच तिथे करायचे, झोपा काढायचे. धंदा बरा होता. पण मे महिन्यापासून गाडीत कपाट नव्हतं, कारण मे महिन्यात त्या कपाटाखाली माणूस गेला होता.

पोशा त्याचं नाव. पोशीरच्या वरच्या वाडीवरचा, चाळिशीचा. चौदा वर्षं मोहियुद्दीन मिस्त्रींकडे काम केलं आणि मग धनेशकडे लागला. बोलायचा कमी. पण त्याने बसवलेली वस्तू हलली, असं कोणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही. गाडीत कपाट बसवायचं तर नुसता लाकडात स्क्रू पिळून भागत नाही. तळातून आरपार भोक पाडायचं, खालून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लोखंडी पट्टी लावायची, त्यातून बोल्ट काढून वायसर घालून नट आवळायचा. मग बोल्टचं टोक हातोडीने ठोकून पसरवायचं, म्हणजे नट पुन्हा फिरत नाही. याला एक दिवस लागतो. धनेशला दुसऱ्या दिवशी सकाळचं बुकिंग होतं.

“शेठ, एक दिस द्या,” पोशा म्हणाला. “स्क्रू धरनार नाय.”

“सीझन काय तुझ्यासाठी थांबतो का रं?”

पोशा हात लावीना. तेव्हा धनेशने स्वतः सहा स्क्रू मारले आणि वर म्हणाला, एवढी काळजी आहे ना, मग बस मागे आणि धर कपाट. पोशा बसला. पळसदरीच्या अलीकडे उतारावर म्हैस आडवी आली, धनेशने करकचून ब्रेक मारला आणि कपाट सुटून पोशाच्या छातीवर आलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

इथवर अपघातच म्हणा. पण पुढे धनेशने काय केलं? पोलिसांपुढे सांगितलं, वाडीपुढे सांगितलं, पोशाच्या बायकोपुढे, इंदूबाईपुढेही सांगितलं, की कपाट पोशानेच बसवलं होतं. प्यायलेला होता, म्हणून स्क्रूवर भागवलं. माणूस तर गेलाच, वर त्याचा हातही बदनाम झाला. इंदूबाई नेरळच्या बाजारात आली की लोक आपसात बोलायचे, दारुड्या मिस्त्रीची बायको आली. ज्याने आयुष्यात बाटलीला हात लावला नाही त्याची ही गत. मला विचाराल तर घाईला माफी असते, याला नसते.

तर त्या बुधवारी धनेश शिळफाट्याला मोहियुद्दीन मिस्त्रींच्या वर्कशॉपवर गेला. शेजारीच एकाकडे बंद पडलेल्या हॉटेलांचं जुनं फर्निचर विकायला असतं. धनेशला तिथलं एक सागवानी कपाट आवडलं. पुरुषभर उंच, पितळी मुठी. फोटोत झकास दिसेल म्हणाला.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी कपाट नुसतं हलवून पाहिलं. “हे घरात ठेवायचं हाय, धनेश. गाडीला हलकं घ्यावं, बुटकं घ्यावं. प्लायचं कर, कोपरे गोल मारून देतो. गाडी थांबते, सामान थांबत नाय.”

“चाचा, मला हेच पाहिजे.”

“मग रातभर गाडी इथं ठेव. सकाळी चार बोल्ट टाकतो.”

“सकाळी सहाला पाहुणे कर्जत स्टेशनला उतरतायत. आज दोरीने बांधू. बोल्ट पुढच्या आठवड्यात.”

मिस्त्रींनी हात पुसले. मग म्हणाले, “माझ्याकडची रीत तुला ठाऊक हाय. तीन बोल्ट मिस्त्रीनं आवळायचे, शेवटचा मालकानं. उद्या काय झालं तर दोघांचाही हात लागलेला असतो. पोशाला ही रीत मीच शिकवली. तो पोरगा स्क्रूवर कपाट उभं करेल? खरं सांग.”

गाडीचं मागचं दार उघडं होतं. कपाट आत चढवलं होतं. धनेशचा हात त्याच्या मुठीवर होता.

“आईची शपथ चाचा. त्यानेच बसवलं.”

नायलॉनच्या दोरीने कपाट खिडकीच्या गजांना बांधलं आणि पावणेनऊला धनेश एकटाच निघाला. खोपोलीची वस्ती मागे पडली. रस्ता मोकळा होता, शेतांत कापलेल्या भाताचे भारे पडलेले दिसत होते. त्याने गाणी लावली. उद्याच्या पाहुण्यांना कुठे उभं करायचं याचा विचार चालला होता, असं तो सांगतो.

केळवली गेल्यावर मागून आवाज आला.

कर्र… कर्र… कर्र.

दोरी घासत असेल, त्याला वाटलं. त्याने गाणी बंद केली. आवाज थांबला. पुढच्या वळणाला पुन्हा. आता नीट ऐकू येत होता. हा दोरीचा आवाज नव्हता. पान्याचा होता. नट आवळताना पाना फिरतो, सुटतो, परत धरतो, तसा.

कर्र… कर्र…

आणि त्याच्या छातीत उजवीकडे कळ आली. बारीक. दुपारची मिसळ, तो स्वतःशी म्हणाला.

ठक. ठक. ठक.

हातोडी. तीन घाव. कळ आत रुतून बसली.

त्याने आरशात पाहिलं. मागे अंधार, पलंग आणि कपाट. कपाट उभं होतं. वळणावर दोरी ताणायला हवी होती, कपाटाने जरा झुकायला हवं होतं. झुकलं नाही.

कर्र… कर्र… आता डावीकडे.

ठक. ठक. ठक.

श्वास अर्ध्यावर अडकू लागला. थांबू नये, हे त्याला कळत होतं. दिव्यांपर्यंत जायचं, माणसांत जायचं. पळसदरीचा उतार आला. पाय ब्रेकवर नव्हता, तरी गाडी मंद झाली. मंद होत होत उभी राहिली. इंजिन चालूच. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

त्याने दार उघडायला हात घातला. उघडेना.

तिसरा बोल्ट सावकाश बसला. घाई नव्हती त्याला. उजव्या बरगडीखाली… एक फेरा. थांबला. आणखी एक फेरा. धनेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

ठक.

ठक.

ठक.

“पोशा…” तो म्हणाला.

मागे काही नाही.

“पोशा, स्क्रू मी मारले. तू नको म्हणत होतास. मी मारले… तू प्यायला नव्हतास. सगळ्यांना सांगतो. इंदूबाईला सांगतो. उद्याच सांगतो.”

शांत.

रातकिडेसुद्धा नाहीत.

त्याला वाटलं, सुटलो.

मग खांद्यावरून काहीतरी पुढे आलं. गार. लोखंडाचं. त्याने खाली पाहिलं. पाना होता. मूठ त्याच्याकडे केलेली. दुसरं टोक मागच्या अंधारात, कोणीतरी धरलेलं.

“शेठ…”

अगदी कानाशी. रोज बोलायचा तसंच, हळू.

“शेवटचा मालकानं.”

धनेशने पाना घेतला. का घेतला, हे तो आजही सांगू शकत नाही. म्हणतो, हात माझा नव्हता. म्हणतो, वाटलं, हा एक आवळला की संपेल. तो उठून मागे गेला. कपाटाच्या पायाशी तीन बोल्ट घट्ट बसलेले. चौथा सैल. तो गुडघ्यावर बसला. पाना लावला.

फिरवला…

आणि डाव्या बरगडीखाली, आत, काहीतरी फिरलं.

तो ओरडला. हात थांबला नाही.

सकाळी पाहुणे स्टेशनवर ताटकळले. फोन लागेना, म्हणून धनेशचा मेहुणा ऋषिकेश मोटरसायकल घेऊन निघाला. उताराच्या मधोमध कॅरॅव्हॅन उभी, डिझेल संपून इंजिन बंद पडलेलं. दारं सगळी आपसूक उघडली. धनेश कपाटासमोर गुडघ्यावर बसलेला, जिवंत, पाठ ताठ. हातात पाना नव्हता. गाडीतही कुठे सापडला नाही. तोंडाने एकच चाललेलं, स्क्रू मी मारले, स्क्रू मी मारले.

मोहियुद्दीन मिस्त्री बातमी ऐकून आले. गाडीखाली आडवे झाले, बॅटरी मारली. चासीला नवी पट्टी. चार बोल्ट, चार वायसर, चार नट. काल संध्याकाळी गाडीला तसलं भोकसुद्धा नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले होते. ऋषिकेशला म्हणाले, “चौदा वर्सं हे काम बघत आलोय. दुसऱ्या कोनाचं नाय.”

इंदूबाईला बोलावून आणलं. दवाखान्यात, पोलिसांसमोर, वाडीवरच्या चार माणसांसमोर धनेश सगळं खरं बोलला. तिने उभ्यानेच ऐकून घेतलं. मग धनेशकडे न बघता सोबतच्या माणसांना म्हणाली, “वाडीवर जाऊन समद्यांना सांगा. माजा मानूस पीत नवता.” आणि निघून गेली.

छातीत कळ म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढायला लावला. पहिला फोटो बघून तिथल्या मुलीने त्याची साखळी काढायला लावली, शर्ट काढायला लावला आणि पुन्हा काढला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडासमोर धरले आणि विचारलं, छातीचं ऑपरेशन कधी झालंय? धनेश म्हणाला, कधीच नाही. कातडीवर ओरखडा नव्हता. फोटोत बरगड्यांच्या मध्ये, दोन वर, दोन खाली, बोल्ट दिसत होते, वायसर आणि नटासकट. तिन्हींची टोकं ठोकून पसरवलेली. चौथ्याचं टोक तसंच होतं, ठोकलेलं नव्हतं.

कोणी डॉक्टर चाकू लावायला तयार नाही. धनेशने गाडी विकली. खाली वाकता येत नाही त्याला, चपलासुद्धा बायको घालून देते. दर तीन महिन्यांनी फोटो काढतो, जुन्या शेजारी नवा लावून बघतो.

परवा मला दाखवला. तीन नट जिथल्या तिथे आहेत. चौथा अर्धा फेरा आत गेलाय.